कुलूप खिशातच राहिलं

मी विद्यार्थी शाखेची अध्यक्ष झाले त्या वर्षी शाखेत आम्ही नऊजण होतो आणि बसायला खुर्च्या सहा. शाखा म्हणजे वीज ठेकेदारांच्या संघटनेची आमच्या विद्यापीठातली शाखा. नाव भारदस्त, पण जागा प्रयोगशाळेच्या मागची, पूर्वी बॅटऱ्या ठेवायची खोली. फरशीवर ॲसिडचे डाग, एक दार न लागणारं लोखंडी कपाट, आणि खिडकीच्या काचांना आतून चिकटवलेले जुने वर्तमानपत्राचे कागद.

संघटनेने शाखा काढली होती ती गरजेपोटी. विजेचं इंजिनिअरिंग शिकलेली मुलं परीक्षा आटोपली की कॉम्प्युटरपुढे जाऊन बसत, साइटवर कुणी फिरकत नसे. इकडे ठेकेदारांची जुनी माणसं एकेक करून निवृत्त होत होती. तेव्हा शिकतानाच मुलांना या कामाची गोडी लावावी, असं संघटनेने ठरवलं, आणि गोडी लावायला पाठवलं फोरमनकाकांना.

फोरमनकाका नववीपर्यंत शिकलेले. एकाच ठेकेदाराकडे अडतीस वर्षं काढून नुकतेच घरी बसले होते. अंगाने काटकुळे, बाह्या मनगटापर्यंत बटण लावून घट्ट, पायात रबरी तळाचे बूट. आमच्या प्राध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली ती "प्रत्यक्ष कामाची बाजू हे बघतील" एवढ्याच शब्दांत, आणि घड्याळ बघत निघून गेले.

आम्हाला वाटलं, आता भाषण होईल. काकांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, खोलीतला दिव्याचा स्विचबोर्ड उघडला, दोन तारा बाहेर ओढल्या आणि आम्हाला विचारलं, की यातली जिवंत कुठली आणि मेलेली कुठली ते बघून सांगा. आमच्यात एक उंचच उंच मुलगा होता, त्याला सगळे लंबू म्हणायचे. वर्गात पहिला यायचा. त्याने रंगावरून सांगितलं. काका म्हणाले, रंग लावणारा झोपेत असेल तर? मग दुसऱ्याने जाडीवरून सांगितलं.

"बघून कळत नाही," काका म्हणाले. "माणसाचं तोंड बघून कळतं, तारेचं कळत नाही. म्हणून तपासेपर्यंत सगळ्या जिवंत. एवढं शिकलात तर बाकीचं इंजिनिअरिंग तुमच्या सरांकडून शिका."

त्या दिवसापासून ते आमचे झाले. आठवड्यातून दोनदा दुपारी यायचे. मला "अहो अध्यक्ष" म्हणायचे, तेही इतक्या गंभीरपणे की नवीन माणसाला खरंच वाटावं. लंबूला म्हणायचे, तुझ्यामुळे संघटनेची एक शिडी वाचली. आम्ही नकाशावर भराभर रेषा मारायला लागलो की विचारायचे, की ही भिंत कोणी फोडायची, तुझ्या आजोबांनी? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या इंजिनिअरांनी त्यांना जन्मभर छळलं होतं. त्या सगळ्यांचा सूड ते आमच्यावर उगवत होते, पण इतक्या मायेने की आम्हाला तो हवासा वाटायचा.

एका बाबतीत मात्र ते थट्टा चालू देत नसत. कामाच्या जागी आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं, लाल पाटी अडकवायची, आणि किल्ली एकाच माणसाच्या खिशात. मग टेस्टर लावून लाइन मेली आहे याची खात्री करायची. मग हात. यासाठी त्यांनी एक छापील कागद केला होता. प्रत्येक ओळीपुढे चौकोन, आणि टिक करणारा माणूस दुसरा. ज्याने कुलूप घातलं त्याने टिक करायची नाही, दुसऱ्याने स्वतः जाऊन बघून करायची. मधे सुट्टी झाली की कागद पुन्हा पहिल्यापासून. लंबू एकदा म्हणाला, की काका, हे म्हणजे आपला आपल्यावरच विश्वास नाही. काका म्हणाले, की विश्वास घरी ठेवावा, साइटवर आणू नये. अडतीस वर्षांत त्यांच्या हाताखालच्या एकाही माणसाला झटका लागला नव्हता. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. दुसरा कसलाच मी त्यांच्यात पाहिला नाही.

संघटनेची दर वर्षी सगळ्या विद्यापीठांतल्या शाखांसाठी स्पर्धा असे. खरी इमारत घ्यायची, तिची जुनी वायरिंग तपासायची, नवे नकाशे काढायचे, किती पॉइंट, किती तार, किती दिवस ते मांडायचं, आणि सुट्टीत परवानाधारक माणसाच्या देखरेखीखाली काम पुरं करून द्यायचं. पहिल्या वर्षी आम्ही शेवटून दुसरे आलो. काका म्हणाले, शेवटचे नाही आलो, म्हणजे कुणीतरी आपल्यापेक्षा वाईट आहे, ही केवढी दिलाशाची गोष्ट.

दुसऱ्या वर्षी आम्हाला कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेचं काम मिळालं. दुमजली इमारत, वर झोपायचे हॉल, खाली वर्ग, स्वयंपाकघर आणि लांब व्हरांडा. वायरिंग इतकी जुनी की हात लावला तर तारेवरचं आवरण बिस्किटासारखं गळून पडायचं. तिथल्या मुलांना घंटा ऐकू येत नसे, म्हणून तास संपला की एक बाई प्रत्येक वर्गाच्या दारात जाऊन हात हलवायच्या. काकांनी ते एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी येताना कागदावर एक रेखाटन घेऊन आले. प्रत्येक खोलीत एक निळा दिवा, सगळ्यांचं बटण ऑफिसात. तास संपला की निळा दिवा तीनदा लुकलुकणार, जेवणाच्या वेळी पाचदा, आणि काही धोका असला तर लागूनच राहणार. स्पर्धेच्या यादीत हे काम नव्हतं. काका म्हणाले, यादी करणाऱ्याला कान आहेत.

याच दिवसांत त्यांचं विसरणं सुरू झालं. सुरू आधीच झालं असावं, आम्हाला दिसलं ते तेव्हा. एकच गोष्ट एका दुपारी दोनदा सांगायचे. वरच्या हॉलचे पॉइंट मोजून खाली यायचे आणि पुन्हा मोजायला जायचे. एकदा मी विद्यापीठाच्या फाटकाशी त्यांना उभं पाहिलं. मी समोरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आले तरी ते तिथेच, दोन्ही रस्त्यांकडे आळीपाळीने बघत. मी विचारलं तर म्हणाले, की कुणाची तरी वाट बघतोय. मी म्हटलं, चला, मी शाखेतच निघालेय. तेव्हा त्यांनी माझ्या मागोमाग चालायला इतक्या चटकन सुरुवात केली की मला जरा विचित्र वाटलं. दोन वर्षं ज्या वाटेने ते येत होते, ती वाट मी त्यांना दाखवत होते. पण मी ते मनावर घेतलं नाही. वय झालं की माणसं विसरतात, आमच्या घरी आजीही चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायची. हसून सोडून दिलं.

कामाचा सहावा दिवस होता. सकाळी सगळं नेहमीसारखं झालं. मेन स्विच खालच्या व्हरांड्यात, स्वयंपाकघराच्या दाराला लागून होता. काकांनी कुलूप घातलं, मी जाऊन बघितलं, टिक केली. दुपारी चहाच्या सुट्टीत स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, की वरची टाकी रिकामी झाली आहे, थोडा वेळ पंप चालवू द्या. पंप त्याच मेनवर होता. काकांनी सगळ्यांना शिडीवरून खाली बोलावलं, मोजून नऊही जण समोर असल्याची खात्री केली, कुलूप काढलं, सप्लाय दिला. वीस मिनिटांनी टाकी भरली आणि त्यांनी स्विच पुन्हा बंद केला. खटका पडल्याचा आवाज मी जिन्यातून ऐकला.

मी वरच्या मजल्यावर चालले होते. हातात नवा कागद होता, पाठीवर तारेचं वेटोळं. खाली उतरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन यायला दोन मिनिटं लागली असती. मी कठड्यावरून वाकून विचारलं, "काका, कुलूप?"

"लावलं," ते म्हणाले.

मी टिक केली.

लंबू वर शिडीवर चढला. त्याने टेस्टर लावला, लाइन मेलेली होती, कारण स्विच खरंच बंद होता. त्याने तारांची टोकं सोलायला घेतली. खाली स्वयंपाकीणबाईंना भांडी घासायला मागचा हौदही भरून हवा झाला. त्या स्विचपाशी आल्या. कुलूप नव्हतं, लाल पाटी नव्हती. काकांनीच त्यांना पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं, की पाटी आणि कुलूप दिसलं तर हात लावायचा नाही, नसलं तर खुशाल चालू करा. त्यांनी चालू केला.

लंबू ओरडला नाही. आवाज आला तो शिडी पडल्याचा. मी धावत खाली गेले आणि स्विच खाली ओढला. तिथे कुलूप नव्हतं हे मी त्या क्षणीच पाहिलं. वर आले तेव्हा लंबू जमिनीवर होता, उजवा हात काळा पडलेला, डोक्याखाली रक्त. हॉलच्या दारात शाळेची पाचसहा मुलं उभी होती आणि बोटांनी भराभर एकमेकांशी काहीतरी बोलत होती. काका त्याच्याजवळ गुडघ्यावर बसून छाती दाबत होते, तोंडाने मोजत होते. मोजताना ते एकदाही चुकले नाहीत. लंबूचा श्वास त्यांनीच परत आणला, हे नंतर डॉक्टरांनीही सांगितलं.

तो जगला. डोक्याची जखम भरली, पण उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली, आणि पडण्याच्या आधीचं त्याला काहीच आठवत नव्हतं.

मग चौकशी लागली. समितीत आमचे प्राध्यापक, संघटनेचे सचिव आणि विद्यापीठाचे एक अधिकारी. त्यांच्यापुढे माझा कागद होता. कागदावर कुलपाच्या ओळीपुढे माझी ठळक टिक होती. काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, की मी लावलं. ते खोटं बोलत नव्हते. कुलूप लावताना ते स्वतःला डोळ्यांपुढे बघत होते. ते सकाळचं होतं, दुपारचं नव्हतं, एवढंच त्यांना उमगत नव्हतं.

समितीने याचा सरळ अर्थ काढला. अडतीस वर्षांचा निष्कलंक माणूस लावलं म्हणतो, कागदावर टिक आहे, म्हणजे कुलूप होतं. मग नंतर नाहीसं झालं, म्हणजे मुलांपैकीच कुणीतरी काढलं. आणि जोडलेले दिवे मधेच लावून बघायची, काम उरकायची घाई सगळ्यात जास्त कुणाला होती, तर लंबूला. त्याला आठवत नाही, हे तर सगळ्यांच्याच सोयीचं होतं. अळीमिळी गुपचिळी. प्राध्यापकांनी मला खोलीत बोलावून समजुतीने सांगितलं, की तुझी टिक आहे तोवर तुला काही धोका नाही, काकांनाही नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला दुखवायचं? लंबूच्या निकालावर याचा परिणाम होणार नाही, फक्त अहवालात निष्काळजीपणा एवढा एक शब्द जाईल.

मी चार दिवस गप्प राहिले. हे लिहायला मला आजही जड जातं. किल्ली काकांच्या खिशात होती, ती कुणी काढली नाही, हे मला ठाऊक होतं. मी खाली जाऊन बघितलं नव्हतं हेही ठाऊक होतं. पण एक शब्द तर जाणार होता, आणि तोही मला चिकटणार नव्हता.

पाचव्या दिवशी मी इस्पितळात गेले. लंबूची आई त्याला डाव्या हाताने चमचा धरायला शिकवत होती. त्याने मला विचारलं, "कुलूप मीच काढलं म्हणतात. मी असं केलं असेल का गं?" त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरोखर विचारत होता.

तिथून मी थेट काकांच्या घरी गेले.

ते एका छापखान्याच्या वर तिसऱ्या मजल्यावर राहत. खालची यंत्रं चालू असली की जिन्याचा कठडा हाताखाली थरथरायचा. दार काकूंनी उघडलं. काका घरात नव्हते. रोज सकाळी ते इस्पितळात जाऊन वॉर्डबाहेरच्या बाकावर बसत, आत जायचं धाडस होत नसे, आणि दुपारी परत येत. इस्पितळात मी पायऱ्यांनी चढले होते, आणि वॉर्डबाहेरचा तो बाक लिफ्टच्या बाजूला होता. आमची चुकामूक झाली होती.

काकूंनी मला बसवलं, चहा टाकला. त्या ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. मी काय विचारायला आले ते मला सांगताच येईना. मी म्हटलं, काकू, त्या दिवशी काका घरी आले तेव्हा... आणि तिथेच थांबले.

त्यांनी गॅस बंद केला. पिठाचा डबा खाली काढला, हात कोपरापर्यंत आत घातला आणि पिठाने माखलेली एक पिशवी बाहेर काढली. पिशवीत कुलूप होतं, आणि कुलपातच किल्ली.

"पँट भिजवायला घेतली तेव्हा खिशात मिळालं," त्या म्हणाल्या. "मी ह्यांना सांगितलं नाही."

मग त्या बोलत राहिल्या. दीड वर्ष झालं होतं. आधी ते भाजी आणायला जाऊन दुधाची पिशवी घेऊन यायचे. मग धाकट्या मुलीला थोरलीच्या नावाने हाक मारायला लागले. एकदा शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जाऊन आपली किल्ली लोकांच्या दाराला लावत उभे राहिले. काकू त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या होत्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि जबाबदारीची कामं बंद करा असंही सांगितलं. काकूंनी ते कुणाला कळू दिलं नाही. काकांनाही अर्धंच सांगितलं. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. शाखा मिळाली आणि तो उठला, दाढी करू लागला, रेखाटनं काढू लागला. आठवड्यातले ते दोन दिवस काढून घेतले तर उरेल काय, असं त्यांना वाटलं. मुलं इंजिनिअर आहेत, ती सांभाळून घेतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

"माझ्या एका गप्प बसण्याने त्या पोराची बोटं गेली," त्या म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. पिशवीवरचं पीठ त्या तळहाताने पुसत होत्या आणि पुन्हा तेच पीठ कुलपाला लागत होतं.

मी त्यांना म्हटलं, की काकू, मीही गप्प आहे. टिक माझी आहे.

इतक्यात काका आले. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, अहो अध्यक्ष म्हणाले, आणि मग टेबलावरच्या वस्तूकडे त्यांची नजर गेली. ते जवळ आले. कुलूप हातात घेऊन त्यांनी किल्ली फिरवली, उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. काकूंनी त्यांना सगळं सांगितलं, पँट, खिसा, डबा. या वेळी काही लपवलं नाही, डॉक्टरांचं म्हणणंसुद्धा. ते खुर्चीवर बसले.

मग त्यांनी मला विचारलं, "मी लावलं असं म्हणालो तुला?"

"हो."

"आणि तू बघायला आली नाहीस."

"नाही."

"का गं?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

त्यांनी मान हलवली. आवाज चढला नाही. "तेवढ्यासाठीच तर तो कागद होता," ते म्हणाले. "मी चुकलो तर कळावं म्हणून."

मला आयुष्यात अनेकांनी अनेक गोष्टी सुनावल्या. त्या एका वाक्याइतकं काही लागलं नाही. त्यांनी ते मला लागावं म्हणून म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे आम्ही तिघं गेलो. काकूंनी काकांच्या शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी घालून दिली होती, काय काय सांगायचं त्याची. ती त्यांनी काढलीच नाही. उभे राहून ते म्हणाले, की कुलूप माझ्या खिशात होतं, मी ते लावायला विसरलो, पोराचा काडीचा दोष नाही, आणि त्या स्वयंपाकीणबाईंचाही नाही. मला विसरायचा आजार आहे, तो मला पुरता कळला नव्हता, आता कळला. असं म्हणून त्यांनी आपला परवाना टेबलावर ठेवला. निळ्या पुठ्ठ्याचं जुनं पुस्तक होतं ते, कोपरे झिजलेले. सचिव घाईघाईने म्हणाले, की याची आज काही गरज नाही, बसून बोलू. सचिव तरुणपणी काकांच्याच हाताखाली शिकले होते. काका म्हणाले, आजच घ्या, उद्या मी आणायचं विसरेन.

कुणी हसलं नाही. ते थट्टा करत होते की नाही, तेही कळलं नाही.

मग मी माझं सांगितलं. टिक कशी केली, कुठून विचारलं, किती पावलं वाचवली, आणि चार दिवस गप्प बसले तेही. अहवालात माझं नाव गेलं. मला शाखेचं कुठलंही पद पुढे घेता येणार नाही असं ठरलं. पण पदं उरलीच नाहीत, कारण विद्यापीठाने शाखाच बंद केली. बॅटऱ्यांच्या खोलीला टाळं लागलं. कर्णबधिर शाळेचं उरलेलं काम संघटनेने एका ठेकेदाराकडून करून घेतलं. निळे दिवे मात्र झाले नाहीत. ते यादीत नव्हते. काकांचं रेखाटन त्या गडबडीत कुठे गेलं, कुणालाच सांगता आलं नाही. मी आठवणीने पुन्हा काढायचा प्रयत्न केला, एकदा शाळेत जाऊन विचारूनही आले. मुख्याध्यापकांनी नम्रपणे नको म्हटलं. त्यांना पुन्हा विद्यार्थी नको होते, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

लंबू बरा झाल्यावर काकांकडे जायला लागला. आधी त्याची आई विरोधात होती. तो म्हणाला, माझा श्वास त्यांनी परत आणला, तेही अहवालात लिहायला हवं होतं. पहिल्यांदा आम्ही दोघं गेलो तेव्हा काकांनी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि माफी मागितली. लंबू जे बोलायचं ते बोलला. दोघांचे डोळे ओले झाले, आणि मला वाटलं, चला, एक ओझं उतरलं.

पंधरा दिवसांनी गेलो तर काकांनी पुन्हा हात हातात घेतला आणि पुन्हा माफी मागितली. तेच शब्द, तोच कापरा आवाज. आधी मागितलेली त्यांना आठवत नव्हती. अपघात आठवत होता, त्याची माफी मिळाली ते आठवत नव्हतं. हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. लंबू दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायचा, आणि दर वेळी पहिल्यांदाच म्हटल्यासारखं म्हणायचा, की काका, माझा तुमच्यावर राग नाही. जिना उतरताना एकदा मी त्याला विचारलं, की तुला कंटाळा येत नाही का. तो म्हणाला, दर वेळी खरंच राग नाही ना, ते तपासून बघतो, मगच म्हणतो. दोनदा होता, तरी म्हटलं.

पुढे मी एका ठेकेदाराकडे साइटवर रुजू झाले. लंबू डाव्या हाताने लिहायला शिकला, डिग्री पुरी केली आणि शिकवायला लागला. आमचं जाणं विरळ होत गेलं. काका माणसं ओळखेनासे झाले होते. एके दिवशी गेलो तर ते खिडकीशी बसले होते, बाह्यांची बटणं काकूंनी नीट लावून दिलेली. त्यांनी मला नमस्कार केला, अनोळखी बाईला करतात तसा. मग लंबूच्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं. बराच वेळ त्यांनी तो निरखला.

"हाताला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"लहानपणी झालं," लंबू म्हणाला. "दारात सापडला."

काकांनी जिभेने चुकचुक आवाज केला. घरातल्या मोठ्यांनी लक्ष द्यायला नको का, असं काहीतरी पुटपुटले, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. त्या दिवशी त्यांनी माफी मागितली नाही. नंतर कधीच मागितली नाही.

काकू आम्हाला सोडायला खालपर्यंत आल्या. छापखाना त्या दिवशी बंद होता, जिना शांत होता. त्या मला म्हणाल्या, "आता ह्यांना ते आठवत नाही, याचं मला बरं वाटतं. आणि बरं वाटतं, याची मला लाज वाटते."

लंबूने त्यांना विचारलं, की वर काही आणून द्यायचंय का, औषध, दूध, काही. त्या म्हणाल्या, सगळं आहे. मग म्हणाल्या, की एक काम आहे, वरच्या खोलीतला दिवा आठ दिवसांपासून लागत नाही, शेजारी म्हणतात वायरमन बोलवा, पण मला घरात परका वायरमन आणवत नाही.

आम्ही दोघं पुन्हा वर गेलो. मी मेन बंद केला. लंबू जिथे होता तिथून चालत आला, स्विच डोळ्यांनी बघितला, आणि मग माझ्याकडे बघून मान हलवली. होल्डरमधली एक तार सुटली होती. काका खिडकीशी बसून सगळं बघत होते. मी स्टुलावर चढले तेव्हा ते उठले, माझ्याजवळ आले आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून उभे राहिले. काम होईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

त्यानंतर पाच महिन्यांनी ते गेले. संघटनेच्या शोकसभेत त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलले गेले, अपघाताचा उल्लेख टाळला गेला. मी बोलायला उभी राहिले नाही. काकूंकडे अजून जाते, बहुतेक रविवारी. त्यांची दृष्टी अधू झाली आहे, सुईत दोरा मी ओवून देते.